शुगर बॉर्डरलाइनवर आलीये, काय करायचं ते सगळं माहीत आहे, तरी जमत नाही? मग आधी कुठे गळतंय ते शोधा

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत ऑफिसचं हेल्थ चेकअप झालं आणि शुगरच्या रक्ततपासणीत माझं एचबीएवनसी ६.२ आलं. वय तेव्हा ४४. आईला शुगर, मामाला शुगर, त्यामुळे आश्चर्य नाही वाटलं पण भीती मात्र खूप वाटली, कारण आईच्या पायाची साधी जखम भरायला किती महिने लागले ते मी रोज ड्रेसिंग करताना बघितलंय. डॉक्टर म्हणाले गोळी लगेच नको, पाच-सहा किलो वजन उतरवा, रोज चाला, तीन महिन्यांनी परत या. मी घरी आले, टाइमटेबल केलं, पहाटे पाचला चालायला जायचं, साखर बंद, भात बंद, रात्री फक्त सूप. नऊ दिवस चाललं ते. मग मुलाची प्रीलिम आली, मग सासऱ्यांचं वर्षश्राद्ध, मग मला सर्दी, आणि सगळं जिथल्या तिथे.

तेव्हा मला वाटायचं की माझ्यात जिद्दच नाही. आता ठामपणे सांगते, तसं नसतं. जी बाई पंचवीस वर्षं सकाळी चार डबे भरून डोंबिवलीहून सव्वाआठच्या सुमाराची फास्ट पकडते तिच्यात जिद्द नाही असं कोण म्हणेल? अडचण माझ्या मनात नव्हती, माझ्या दिवसात होती, ठराविक जागी आणि ठराविक वेळेला, आणि मी ती जागा कधी नीट बघितलीच नव्हती. टाकी गळत असेल तर आपण वरून पाणी ओतत नाही बसत, आधी कुठे गळतंय ते बघतो. हा सगळा लेख त्याबद्दल आहे. उदाहरण माझ्या शुगरचं आहे पण वजन, बीपी, कोलेस्टेरॉल, कशालाही ही पद्धत लागू पडते असं मला वाटतं.

पायरी १: आकडे एकदा नीट समजून घ्या

एचबीएवनसी म्हणजे साधारण मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर. ५.७ च्या खाली नॉर्मल, ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबिटीस, ६.५ आणि वर म्हणजे डायबिटीस. उपाशीपोटी शुगर १०० च्या खाली हवी, १०० ते १२५ बॉर्डरलाइन, १२६ आणि वर डायबिटीस, अर्थात डॉक्टर बहुतेक वेळा परत एकदा तपासून खात्री करतात. आपल्या बायकांसाठी एक गोष्ट महत्त्वाची, लोहाच्या कमतरतेने हिमोग्लोबिन कमी असेल तर एचबीएवनसी खरं असतं त्यापेक्षा जास्त दिसू शकतं, म्हणून त्याच वेळी सीबीसी, म्हणजे हिमोग्लोबिन दाखवणारी रक्ताची साधी तपासणी, करून घ्या आणि दोन्ही रिपोर्ट डॉक्टरांना एकत्र दाखवा.

दुसरा आकडा कंबरेचा. आपल्याकडे हातपाय बारीक आणि पोट सुटलेलं असं शरीर खूप जणांचं असतं आणि शुगरसाठी पोटाची चरबीच जास्त वाईट. भारतीयांसाठी बायकांची कंबर ८० सेंटीमीटरच्या आत आणि पुरुषांची ९० च्या आत हवी. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, पण आपल्यासाठी २३ च्या वर गेला की जास्तच धरतात, इंटरनेटवर दिसणारा २५ आपल्यासाठी नाही. शिंप्याची टेप घ्या, श्वास सोडून पोट न ओढता माप घ्या, वहीत तारीख घालून लिहा.

आणि हे वाचून हातपाय गाळू नका. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासात देशात डायबिटीसचे लोक १० कोटींच्या वर आणि प्रीडायबिटीसचे १३ कोटींच्या वर निघाले, म्हणजे तुम्ही एकटे नाही आहात. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या टीमचा २००६ साली छापून आलेला अभ्यास मला सगळ्यात धीर देतो. त्यात बॉर्डरलाइनवरच्या ५३१ भारतीय लोकांना घेतलं होतं, आणि नुसतं खाणं आणि चालणं सुधारून डायबिटीस होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी झालं, गोळीने २६.४ टक्क्यांनी. म्हणजे साधं चालणं-खाणं गोळीच्या तोडीस तोड ठरलं. त्यातली अजून एक गोष्ट खाली वजनाच्या मुद्द्यात सांगते.

ज्यांची शुगरची किंवा बीपीची गोळी चालू आहे, चालताना छातीत दुखतं, दम लागतो, किंवा वजन आपोआप उतरतंय आणि सारखी लघवीला लागतेय, त्यांनी पुढचं काहीही करायच्या आधी डॉक्टरांना भेटायचं.

पायरी २: सात दिवस फक्त लिहा, काहीही बदलू नका

ही पायरी सगळे सोडतात. आपण काय करतो, रिपोर्ट आला की दुसऱ्या दिवसापासून सगळंच बदलायला जातो. त्याऐवजी एक आठवडा जसं चाललंय तसं चालू दे, फक्त एक छोटी वही पर्समध्ये किंवा फ्रिजवर ठेवा आणि तीन गोष्टी लिहा: किती वाजता, काय खाल्लं, आणि तेव्हा मी कुठे होते. कॅलऱ्या मोजू नका. रात्री झोपले किती वाजता, उठले किती वाजता, तेही लिहा.

माझ्या वहीत काय निघालं ते सांगते. मला वाटत होतं माझा प्रॉब्लेम गोड आहे. वहीत सात पैकी पाच दिवस एकच ओळ होती: संध्याकाळी ७:४०, ओट्यापाशी, चिवडा. दुपारचा डबा साडेबाराला संपलेला, त्यानंतर दोन चहा, मग गाडीची गर्दी, घरी आले की पर्स ठेवायची, हात धुवायचे, एका हाताने कुकर लावायचा आणि दुसरा हात फळीवरच्या स्टीलच्या डब्यात. उभ्याने, ताटली न घेता, डब्यातूनच बोकाणा. भाजी फोडणीला पडेपर्यंत दोन-तीन वाट्या चिवडा नाहीतर फरसाण पोटात गेलेलं असायचं, आणि मग साडेनऊला सगळ्यांबरोबर जेवायला बसायचं ते वेगळंच. हे मी खाते हे मला माहीतच नव्हतं असं म्हटलं तरी चालेल, कारण ताटात वाढून घेतलेलं नसलं की ते खाण्यात धरलंच जात नाही.

तुमची जागा वेगळी असेल. माझ्या मैत्रिणीची निघाली मुलीच्या ताटात उरलेला भात. माझ्या दिराची निघाली रात्री अकराला मॅच बघताना. शेजारच्या काकांची तर सकाळी चालून आल्यावर ग्रुपबरोबर होणारा वडा आणि चहा, रोज. पाच किलोमीटर चालूनही वजन का वाढतंय हे त्यांना समजत नव्हतं, वहीने एका आठवड्यात दाखवलं.

पायरी ३: एकच गळती बुजवा, आणि ती होते त्याच्या तासभर आधी

वहीत तीन-चार जागा सापडतील, त्यातली सगळ्यात जास्त वेळा आलेली एक निवडा. आणि ७:४० ची अडचण ७:४० ला सोडवायला जाऊ नका, त्या वेळी तुम्ही दमलेले आणि भुकेले असता, तेव्हा स्वतःशी भांडून जिंकता येत नाही. एक तास मागे जा.

मी काय केलं, तर पर्समध्ये छोट्या डबीत मूठभर फुटाणे ठेवायला लागले. ठाण्याला गर्दी उतरते, बसायला मिळतं, तिथून डोंबिवली येईपर्यंत ते फुटाणे आणि पाणी. घरी पोचते तेव्हा भूक असते पण वखवख नसते. आणि फरसाणाचा डबा ओट्याजवळच्या फळीवरून उचलून बेडरूममधल्या लॉफ्टवर ठेवला, घरात बंद नाही केला, मुलांना हवा असेल तर स्टूल घेऊन काढतात. बास, पहिला महिना मी एवढंच केलं. भात चालू, चहा चालू, पोळी चालू. महिन्यात कंबर दोन सेंटीमीटर कमी झाली आणि मुख्य म्हणजे आपल्याच्याने हे होतंय असं पहिल्यांदा वाटलं.

एक गळती थांबली आणि तीन आठवडे थांबलेलीच राहिली की मग दुसरी घ्या. एकदम चार घेतल्या की चारही सुटतात, हे मी त्या नऊ दिवसांत अनुभवलंय.

आता ज्या अडचणी जवळजवळ प्रत्येक घरात येतात त्या एकेक घेते.

"वेळच नाही"

हे खरं आहे, उगाच कारण सांगतोय असं नाही. मुंबईत कामाला जाणाऱ्या माणसाचे दिवसाचे तीन तास प्रवासात जातात, त्याला पहाटे एक तास चालायला जा सांगणं सोपं आहे, पण तो एक तास झोपेतून कापला जातो. आठवड्याला १५० मिनिटं जरा दम लागेल असं चालायचं आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम, एवढं जागतिक आरोग्य संघटना सांगते. १५० मिनिटं म्हणजे आठवड्याचे पाच दिवस अर्धा तास, आणि तो अर्धा तास सलग नसला तरी चालतो. रोज दहा हजार पावलं झालीच पाहिजेत हा आकडा तर जपानमध्ये १९६५ च्या सुमाराला पावलं मोजायचं यंत्र विकताना त्याच्या नावातून आला, त्याच्यावरून स्वतःला नापास करू नका.

शुगरसाठी सगळ्यात फायद्याचं चालणं म्हणजे जेवणानंतरचं. जेवून झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाललं की रक्तात आलेली साखर पायाचे मोठे स्नायू वापरून टाकतात. जुने लोक शतपावली म्हणायचे तीच ही, फक्त शंभर पावलांवर थांबू नका. मी रात्री जेवून झालं की भांडी नंतर, आधी बिल्डिंगखाली दोन राउंड. सुरुवातीला एकटी जायचे, आता मुलगा येतो, दहावीच्या वर्षात त्याच्याशी जे काही धड बोलणं झालं ते त्या पंधरा मिनिटांतच झालं.

सकाळी प्लॅटफॉर्मवर गाडीची वाट बघत उभं राहायच्या ऐवजी दहा मिनिटं आधी पोचून या टोकापासून त्या टोकापर्यंत चाला, बारा डब्यांची गाडी म्हणजे साधारण पाव किलोमीटर लांबी, जाऊन-येऊन अर्धा किलोमीटर होतो. गर्दीच्या वेळी कडेकडेने जाऊ नका, पिवळ्या पट्टीच्या खूप आत राहा.

पावसाळा ही आपल्याकडची मोठी अडचण. जून ते सप्टेंबर चार महिने, आणि एकदा जूनमध्ये चालणं सुटलं की दिवाळीपर्यंत परत लागत नाही. म्हणून मे महिन्यातच ठरवून ठेवा की पाऊस असेल त्या दिवशी काय करायचं. आमच्याकडे जिना आहे, पार्किंग आहे, तेही जमलं नाही तर हॉल ते किचन फेऱ्या, नाहीतर टीव्हीवर बातम्या चालू असेपर्यंत जागच्या जागी पावलं. चपला-बूट ओले झाले म्हणून चालणं बुडतं हेही बघितलंय, एक जुना जोड घरात वापरायला ठेवा.

स्नायूंचा व्यायाम म्हटलं की लोकांना जिम दिसतं. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ओट्यापाशी दहा-बारा मिनिटं आपण असेच उभे असतो, तेवढ्यात ओट्याला धरून टाचा वर-खाली वीस वेळा, भिंतीला हात टेकून दंड दहा, खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस दहा, आणि हे परत एकदा. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर जाड उशी ठेवून उंची वाढवा, दुखलं तर थांबा, महिन्याभराने उशी काढा. आठवड्यातून तीन दिवस पुरे. पहिल्या आठवड्यात मला खुर्चीवरून हात न टेकता सहाव्यांदा उठता येत नव्हतं, आज पंधरा होतात.

"घरात वेगळं कोण करणार"

वेगळं करूच नका. एका घरात दोन स्वयंपाक दोन आठवड्यांच्या वर टिकत नाहीत, आणि करणारी बाईच दमते. जे केलंय त्यातलं प्रमाण आणि क्रम बदला. आधी कोशिंबीर आणि उसळ किंवा भाजी संपवायची, मग पोळी-भाकरी, भात शेवटी आणि एक वाटी, वाटीने मोजून. आपलं सणाचं पान वरणभातापासून सुरू होतं, शुगरवाल्यांनी ते उलटं करायचं. आधी भाज्या आणि डाळी-उसळी गेल्या की नंतरची साखर सावकाश चढते.

आपल्या ताटात प्रोटीन कमी असतं ही दुसरी गोष्ट. पातळ वरणाच्या वाटीत फार तर चार-पाच ग्रॅम मिळतं, आणि ६० किलोच्या माणसाला दिवसाला ५० ग्रॅमच्या आसपास लागतं. घट्ट वरण, मटकी-मूग-चवळीची उसळ, पिठलं, ताक-दही, मूठभर शेंगदाणे, चालत असेल तर अंडं, एका अंड्यात सहा ग्रॅम. सोया चंक्समध्ये तर वजनाच्या निम्मं प्रोटीन असतं, फ्लॉवर-बटाट्याच्या रश्शात घातलं की मुलं बोलतसुद्धा नाहीत. मी रविवारी मटकी आणि मूग भिजवते, सोमवारी मोड काढून डब्यांत भरून फ्रिजला ठेवते, तीन दिवस निघतात.

भाकरीबद्दल एक सांगते कारण यात खूप लोक फसतात. ज्वारी-नाचणीत फायबर जास्त, पोट भरतं, चांगलंच आहे. पण त्यातही पिष्टच आहे, तीन भाकऱ्या खाल्ल्या तर शुगर वाढणारच.

आता घरातली माणसं. माझ्या सासूबाईंना मी पहिले दोन महिने सांगितलंच नव्हतं, उगाच त्यांना काळजी नको म्हणून. मग व्हायचं काय, मी लाडू नको म्हटलं की त्यांना वाटायचं मला त्यांच्या हातचं आवडेनासं झालंय. "अगं एका लाडवाने काय होतंय, सगळ्यांना केलेत ना मी," असं म्हणून त्या ताटात ठेवायच्याच. एक दिवस रिपोर्ट घेऊन त्यांच्या शेजारी बसले आणि म्हटलं, "आई, माझ्या आईच्या पायाचं काय झालं ते तुम्ही बघितलंय ना, मला तिकडे जायचं नाहीये, तुम्ही मला मदत करा." त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी घरी आले तर कोशिंबीर चिरून झाकून ठेवलेली होती, आणि तेव्हापासून ती रोज असते. मला भाकरी थापता येत नव्हती, हातावर वळताना तुटायची, तीही त्यांनीच शिकवली. नकार दिला की माणसं दुखावतात, मदत मागितली की सोबत येतात, निदान माझ्या घरात तरी असं झालं.

उरलेलं संपवायची सवय बायकांनाच जास्त. अन्न टाकवत नाही आणि टाकूही नये. म्हणून मुलांना पहिल्यांदा कमी वाढा, लागलं तर परत घेतील, आणि उरलं ते पोटात नाही, डब्यात. सकाळी फोडणीचा भात किंवा फोडणीची पोळी होते, आणि ती सगळे मिळून खातात, तुम्ही एकटीने संपवायची नाही.

चहा

पटकन सांगते. चार कप, प्रत्येकात दोन चमचे म्हणजे आठ चमचे, ३२ ते ४० ग्रॅम साखर नुसत्या चहातून. वरून घेतलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. एकदम बिनसाखरेचा केला तर डोकं दुखतं आणि चौथ्या दिवशी सोडून देता, म्हणून दर पंधरा दिवसांनी अर्धा चमचा कमी करा. गुळाचा चहा हा उपाय नाही, शुगरसाठी गूळ आणि साखर जवळपास सारखेच. ऑफिसच्या मशीनचा चहा आधीच गोड असतो, तिथे ब्लॅक टी घ्या किंवा दोनपैकी एक कप सोडा. आणि चहाबरोबरची बिस्किटं वहीत लिहिताय ना, तेवढं बघा.

उपास आणि सणवार

एकादशी दुप्पट खाशी हे आपल्याकडे उगाच नाही म्हणत. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यात बटाटा, वर साखर, आणि दिवसभर पोट रिकामं ठेवून दुपारी एकदम दोन बश्या. चतुर्थी, गुरुवार, श्रावणी सोमवार धरले तर आठवड्याला एक-दोन उपास होतात म्हणजे ही मोठी गळती आहे. उपास सोडा असं मी म्हणणार नाही, माझाही चतुर्थीचा आहे. राजगिरा, शेंगदाण्याची आमटी, दही-काकडी, ताक, दूध, एखादं फळ, यावर उपास छान होतो. भगर केली तर एक वाटी आणि बरोबर आमटी जास्त. खिचडी करायचीच तर दाण्याचं कूट भरपूर, बशी लहान, आणि आधी काकडीची कोशिंबीर. ज्यांची ग्लिमेपिराइडसारखी शुगर खाली आणणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी उपाशी राहणं धोक्याचं आहे, शुगर एकदम खाली जाऊन चक्कर येते, घाम फुटतो, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास करूच नये.

सणाचं माझं गणित साधं आहे. गणपतीत मोदक खायचे, पण उकडीचा, ताजा, जेवणाबरोबर, दोन, आणि त्या दिवशी भात नाही. पुरणपोळी वर्षातून चार-पाच वेळाच होते, तिच्यापासून काही बिघडत नाही. बिघडतं ते सण संपल्यावर. दिवाळी चार-पाच दिवसांची असते पण फराळाचे डबे पुढे तीन आठवडे घरात फिरत असतात आणि ऑफिसमध्ये प्रत्येकाच्या घरचा चिवडा-चकली टेबलावर येत राहतो. म्हणून फराळ कमी करा, निम्म्या मापाचा, आणि भाऊबीज झाली की जे उरलंय ते वाटून टाका, वॉचमन, कामाच्या ताई, शेजारी, सगळे आनंदाने घेतात. आंब्याच्या दिवसांत आमरसाऐवजी फोडी, जेवणाबरोबर नाही, दुपारी मधल्या वेळेला, अर्धा आंबा.

झोप

मला सगळ्यात उशिरा समजलेली गोष्ट ही. वहीत झोपेचा कॉलम बघितला तर साडेबाराला झोपून सव्वापाचला उठणं, रोज. झोप कमी झाली की दुसऱ्या दिवशी भूक जास्त लागते, गोड हवंसं वाटतं आणि शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. म्हणजे मी फुटाणे खाऊन जे कमवत होते ते रात्री घालवत होते. आणि मी साडेबारापर्यंत फोन बघत नव्हते, भाजी निवडत होते, ओटा आवरत होते, युनिफॉर्मला इस्त्री करत होते.

त्यामुळे झोपेचा उपाय उशीत नाही, कामाच्या वाटपात आहे. मी एक कागद घेतला, रात्री आठ ते साडेबारामध्ये मी काय काय करते ते लिहिलं आणि नवऱ्यापुढे ठेवलं. भांडण नाही केलं. म्हटलं, "अहो, यातलं तुम्ही काय घ्याल आणि मुलं काय घेतील ते सांगा, मला अकराला झोपायचंय, डॉक्टरांनी सांगितलंय." भाजी निवडणं आणि डब्यांची तयारी त्यांनी घेतली, इस्त्री मुलाने, ओटा मुलीने. पहिले पंधरा दिवस मेथीत माती राहिली, चालतं, दुसऱ्यांदा धुतली. ज्या बायका मला विचारतात की तू काय डाएट केलंस, त्यांना मी आधी हे सांगते. घरातलं काम एकाच माणसावर असेल तर त्या माणसाच्या तब्येतीसाठी वेळ कुठून येणार?

वजन हलतच नाही तेव्हा

रोज वजन करू नका. मीठ जास्त पडलं, पाळी जवळ आली, पोट साफ झालं नाही, तरी किलो-दीड किलो इकडेतिकडे होतं. आठवड्यातून एकदा, त्याच दिवशी, सकाळी, काही खायच्या आधी. आणि मगाशी ज्या चेन्नईच्या अभ्यासाचं सांगितलं त्यातली गोष्ट अशी की त्या लोकांचं वजन फारसं उतरलं नव्हतं, तरीही डायबिटीस टळायचं प्रमाण वाढलं. काटा हलला नाही म्हणजे आत काहीच होत नाहीये असं समजून सोडू नका, कंबरेचं माप बघा, जिना चढताना दम कमी लागतो का बघा.

दोन महिने कंबर पण हलली नाही तर परत सात दिवस वही लिहा. माझ्या बाबतीत सहाव्या महिन्यात हेच झालं, वहीत दिसलं की मूठभर फुटाण्यांची डबी मोठी झाली होती, आणि तेलाचा डाव मोजून घालायची सवय सुटली होती. थायरॉइड, बी-१२, डी व्हिटॅमिन एकदा तपासून घ्या, सतत थकवा असेल तर नक्कीच.

मध्येच खंड पडला तर

पडणारच. लग्न, आजारपण, परीक्षा, गावाला जाणं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ लोकांवर सवयींचा एक अभ्यास झाला होता, त्यात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८ तर कुणाच्या बाबतीत अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. आणि एखादा दिवस चुकला म्हणून सवय मोडली नाही. एकवीस दिवसांत सवय लागते असं फॉरवर्ड येतं त्यावर विश्वास ठेवून बाविसाव्या दिवशी निराश होऊ नका.

मी प्रत्येक गोष्टीचं एक लहान रूप ठरवून ठेवलंय. पंधरा मिनिटं जमली नाहीत तर पाच, पाच नाहीत तर जेवून भांडी मी उचलते म्हणजे दहा-बारा फेऱ्या तरी होतात. माझ्या आईला मागच्या मे महिन्यात ॲडमिट केलं होतं, अकरा दिवस मी हॉस्पिटलमध्ये होते, कॅन्टीनचं खाणं, झोप नाही. तेव्हा मी फक्त एकच ठेवलं, जेवल्यावर वॉर्डच्या कॉरिडॉरमध्ये दोन फेऱ्या. घरी आल्यावर बाकीचं परत लावायला आठवडा लागला, पण शून्यापासून सुरुवात करावी लागली नाही.

कुणाचं ऐकायचं

आपल्याकडे प्रत्येक फॅमिली ग्रुपमध्ये दीक्षित डाएट की दिवेकर डाएट हे एकदा तरी झालेलं असतं. एक म्हणतात दिवसातून दोनदाच जेवा, ५५ मिनिटांत, दुसऱ्या म्हणतात थोड्या थोड्या वेळाने थोडं थोडं खा. तुमचा दिवस कसा आहे ते बघा आणि जे वर्षभर करता येईल ते घ्या. गोळ्या चालू असतील तर दोनदा जेवण डॉक्टरांना विचारूनच. कारल्याचा रस, मेथीचं पाणी प्यायचं तर प्या, पण त्यासाठी गोळी बंद करू नका. माझ्या नात्यात एकांनी केली होती, चार महिन्यांनी डोळ्यांवर परिणाम झाला.

तीन महिन्यांनी

परत टेस्ट करताना तीच लॅब घ्या म्हणजे तुलना नीट होते, लग्नसराई किंवा दिवाळीच्या लगेच नंतर आलं तरी टाळू नका, उलट तेव्हाच खरं समजतं. डॉक्टरांकडे जाताना वही घेऊन जा, रिपोर्टवर आकडा दिसतो, वहीत कारण दिसतं. माझ्या डॉक्टरांनी पहिल्यांदा वहीची पानं उलटली आणि विचारलं की दुपारी साडेबारा ते रात्री साडेनऊ, दोन जेवणांमध्ये नऊ तास जातात का? तोपर्यंत ते अंतर मी स्वतःसुद्धा मोजलं नव्हतं.

माझे आकडे असे गेले: ६.२, तीन महिन्यांनी ६.०, मग ५.८, दिवाळीनंतर परत ५.९, आणि मागच्या टेस्टला ५.६. वजन पावणेपाच किलो उतरलं, कंबर ९१ वरून ८४ वर आलीये, ८० व्हायला अजून चार बाकी आहेत. या महिन्यात परत सात दिवसांची वही चालू केलीये, कारण मुलगी बारावीला गेली, तिचा क्लास रात्री नऊला सुटतो, जेवण दहावर गेलंय आणि शतपावली तीन दिवस झालेली नाही. उद्यापासून तिला क्लासवरून आणायला स्कूटर न नेता चालत जाणार आहे, येता-जाता पंचवीस मिनिटं होतात.